गाडी कमावणारी आणि गाडी खाणारी

गेल्या महिन्यातली गोष्ट. रविवारी जोहरच्या नमाजनंतर आमचा भाचा घरी आला. हातात मिठाई नव्हती, पण चेहरा मिठाई आणल्यासारखा होता. बसायच्या आधीच त्याने मोबाईल आमच्यापुढे धरला. त्यावर काळ्या रंगाची, पाच दरवाज्यांची थार रॉक्स उभी होती.

"मामू, फक्त बुकिंगचे पैसे भरायचे बाकी आहेत. तुमचा मशवरा घ्यायला आलो."

मशवरा घ्यायला आलेला तरुण बहुतेक वेळा निर्णय करूनच आलेला असतो. त्याला मोठ्यांची 'हो' तेवढी हवी असते. तरी आम्ही विचारले, "घरी सांगितलंस का?"

"अम्मीला माहीत आहे. अब्बांना तुम्ही सांगा."

म्हणजे मशवरा हे निमित्त होते. खरे काम वकिलीचे होते.

हा प्रश्न फक्त आमच्या भाच्याचा नाही. आज आपल्या बऱ्याच घरांत पंचविशीचा, अठ्ठाविशीचा मुलगा पहिल्यांदाच पगारदार झाला आहे आणि घरात पहिल्यांदाच चारचाकी येऊ घातली आहे. एक गाडी मनात असते, दुसरी खिशात बसते. म्हणून आमच्या घरात जे बोलणे झाले ते या महिन्यात वाचकांपुढे ठेवतो आहोत.

भाचा सत्तावीस वर्षांचा. बॅलार्ड इस्टेटजवळच्या एका कचेरीत मालाच्या क्लिअरिंगचे काम करतो. हातात पंचेचाळीस हजार येतात. त्यातले वीस हजार तो आईच्या हातात ठेवतो. धाकटी बहीण फार्मसीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. वडील, म्हणजे आमचे दुल्हाभाई, यांनी आयुष्यभर टॅक्सी चालवली. आता हृदयाच्या त्रासामुळे घरी असतात. राहणे माझगावात, डॉकयार्ड रोड स्टेशनपासून पाच मिनिटांवर, लिफ्ट नसलेल्या इमारतीत. पाच वर्षांत मुलाने चार लाख रुपये साठवले आहेत. त्याला ना पानाचा शौक, ना सिगारेटचा. असा मुलगा काही मागतो तेव्हा त्याला झटकून टाकणे बरे नव्हे.

आणि गाडीची गरज खरी आहे, हेही आम्ही आधीच कबूल करतो. यांचे गाव मुरुड तालुक्यात. पूर्वी भाऊच्या धक्क्यावरून लाँचने रेवस, तिथून एसटी, अशी वाट होती. आता आपाचे गुडघे धक्क्याच्या पायऱ्या उतरू देत नाहीत. २०२० च्या मार्चपासून धक्क्यावरून मांडव्याला रो-रो बोट जाते, गाडीसकट माणूस पलीकडे उतरतो. दुल्हाभाईंना दर महिन्याला तपासणीला न्यावे लागते. गाडी आली तर चैन नव्हे, सोय होईल. प्रश्न एवढाच होता, कोणती गाडी?

आम्ही म्हटले, "कागद-पेन आण."

मोबाईलवर हिशोब पटकन होतो, पण मनात उतरत नाही. कागदावर आपल्या हाताने लिहिलेला आकडा माणूस विसरत नाही. त्याला शोरूमने सांगितलेला भाव रस्त्यावर येईपर्यंतचा सुमारे सतरा लाख. चार लाख स्वतःचे, तेरा लाख कर्ज. व्याज साडेनऊ टक्के, मुदत सात वर्षे. हप्ता साधारण एकवीस हजार अडीचशे रुपये. सात वर्षांत भरायचे जवळजवळ सतरा लाख पंच्याऐंशी हजार. म्हणजे निव्वळ व्याज चार लाख पंच्याऐंशी हजार.

आम्ही त्या आकड्याभोवती गोल काढला. "बेटा, पाच वर्षे पोटाला चिमटा घेऊन तू चार लाख जमवलेस. व्याजात त्याहून जास्त जाणार. आणि हे बघ, पहिल्या हप्त्यातले दहा हजारांहून जास्त नुसते व्याजाचे आहेत. मुद्दल त्या महिन्यात अकरा हजारांनीही कमी होत नाही."

मग महिन्याचा खर्च मांडला. ही गाडी शहरात लिटरला दहाच्या आसपास चालते, असे त्याच्याच मित्रांनी सांगितले होते. महिन्याला सहाशे किलोमीटर धरले तरी पेट्रोलचे सहा हजार. आमच्या भागात गाडी उभी करायला जागा कुठे आहे? मुस्तफा बाजारकडे लाकडांचे ट्रक, नेसबिट रोडला दोन्ही बाजूंनी लागलेल्या गाड्या, म्हातारपाखाडीच्या गल्लीत दोन स्कूटर समोरासमोर आल्या की एकीने मागे जायचे. भाड्याची जागा घेतली तर साडेतीन हजार. विमा आणि सर्व्हिसिंगचे महिन्याला पाच हजार बाजूला काढायचे. बेरीज छत्तीस हजार. पंचेचाळीसमधून छत्तीस गेले, राहिले नऊ.

"अम्मीला वीस हजार कुठून देशील?"

तो गप्प राहिला. मग म्हणाला, "एक-दोन वर्षे ॲडजस्ट करू, मामू. पगार वाढेलच."

पगार वाढेल, इन्शाअल्लाह. पण हप्ता आजपासून सुरू होतो. बहिणीच्या कॉलेजची फी याच जूनमध्ये भरायची आहे. दुल्हाभाईंची औषधे दर महिन्याला लागतात. वाढणाऱ्या पगाराच्या भरवशावर आजचे घर गहाण टाकायचे, याला आपण 'ॲडजस्ट' म्हणतो. 'ॲडजस्ट' मात्र गाडीत बसणारा करत नाही, घरात बसलेले करतात.

किंमत कशी फुगते तेही तरुणांनी समजून घ्यावे. २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरच्या आतली आणि बाराशे सीसीपर्यंतच्या पेट्रोल इंजिनाची छोटी गाडी अठरा टक्के जीएसटीत बसते. त्याहून मोठीवर चाळीस टक्के. थार रॉक्स चार मीटरहून लांब आहे, वॅगन-आर आत बसते. महाराष्ट्रात पेट्रोल गाडीचा रस्ता-कर दहा लाखांपर्यंत अकरा टक्के, दहा ते वीस लाखांत बारा टक्के, सीएनजीला त्याहून कमी. दहा लाखांवरच्या गाडीवर एक टक्का टीसीएस वेगळा कापला जातो. तो पुढे आयकरात वळता होतो, पण आज खिशातून जातोच. नव्या गाडीला तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकदम काढावा लागतो, हा नियम २०१८ पासून आहे. शोरूमच्या काचेवरची किंमत आणि चावी हातात येईपर्यंतची किंमत यांत हे सगळे भरलेले असते.

उलट बाजूला गाडीची किंमत कशी उतरते तेही पाहावे. विम्यासाठी गाडीची किंमत धरताना पहिल्या सहा महिन्यांतच पाच टक्के कमी धरतात. वर्षापर्यंत पंधरा, दोन वर्षांपर्यंत वीस, तीनपर्यंत तीस, चारपर्यंत चाळीस आणि पाच वर्षांपर्यंत पन्नास टक्के. म्हणजे सात वर्षांच्या कर्जातली दोन वर्षे बाकी असतानाच विमा कंपनीच्या लेखी गाडी अर्धी झालेली असते. आम्ही माझगावकर, दारूखान्याच्या शेजारचे. समुद्र पार केलेली लोखंडी जहाजे तिथे किलोच्या भावाने गेलेली आमच्या वडिलांच्या पिढीने पाहिली आहेत. लोखंडाला इज्जत नसते, कामाला असते.

हे बोलणे चालू असताना भाच्याने एक बाण सोडला. तो आमच्या वर्मी लागला.

"मामू, मग बाजीच्या निकाहात तुम्ही एवढा मोठा हॉल कशाला घेतला? तेही कर्ज काढूनच ना? एका रात्रीसाठी!"

आमच्या बेगम स्वयंपाकघरातून पाहत राहिल्या. आमच्याकडे उत्तर नव्हते. त्या हॉलचे पैसे आम्ही तीन वर्षे फेडले आणि त्या रात्री काय जेवलो ते आज आठवत नाही. आम्ही म्हटले, "तू खरे बोललास. आम्ही चुकलो. म्हणूनच तर तुला सांगतोय." वाचकहो, मुलांना नसीहत करायची तर आधी आपला हिशोब त्यांच्यापुढे उघडा करावा लागतो. मोठ्यांची उधळपट्टी 'इज्जत' आणि धाकट्यांची 'शौक', असा दुहेरी न्याय मुले मान्य करत नाहीत. त्यांनी करूही नये.

संध्याकाळी आम्ही त्याच्यासोबत दुल्हाभाईंकडे गेलो. वकिली करायची ठरली होती, पण आम्ही फक्त कागद पुढे ठेवला. दुल्हाभाईंनी चष्मा लावून तो दोनदा वाचला. मग ते कागदाबद्दल काहीच न बोलता त्यांच्या टॅक्सीबद्दल बोलू लागले.

काळी-पिवळी पद्मिनी. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये सुरू केलेल्या प्रीमियर कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यातली. मूळची इटलीची फियाट, पण मुंबईने तिला आपली करून टाकले. दुल्हाभाईंनी दहा वर्षे दुसऱ्याची टॅक्सी पाळीने चालवली. मग आपाच्या बांगड्या विकून आणि भावांकडून कर्ज घेऊन स्वतःची केली. "पहिल्या दिवशी धंद्याला निघालो तेव्हा रात्री घरी चारशे रुपये आणले," ते म्हणाले. "त्या गाडीने भावांचे पैसे फेडले. तिने तुझी शाळा भरली. तुझ्या अम्मीच्या बांगड्याही परत आणल्या. ती गाडी कमावणारी होती, बेटा. तुझी गाडी खाणारी आहे. खाणारी गाडी ठेवू नये असे नाही. पण घरात जेवणारा एक माणूस वाढला तर आपण भाकरी किती आहेत ते बघतो की नाही?"

पद्मिनी टॅक्सी आता संपली. शेवटची पद्मिनी काळी-पिवळी म्हणून आमच्याच ताडदेव आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदली गेली होती. वीस वर्षांची मर्यादा भरली आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये ती रस्त्यावरून उतरली. त्या दिवसांत दुल्हाभाई बातम्या पाहताना डोळे पुसत होते, हे आपाने आम्हाला सांगितले होते. गाडीवर प्रेम कसे करावे हे त्यांना कोणी शिकवायला नको.

मुलगा हळूच म्हणाला, "अब्बा, पण लोक काय म्हणतील? पाच वर्षे नोकरी करून वॅगन-आर घेतली?"

खरी गाठ इथे होती. पैशाची गाठ कागदावर सुटते, लोकांची सुटत नाही. आम्ही त्याला दोन गाड्यांची गोष्ट सांगितली.

१० जानेवारी २००८ रोजी दिल्लीच्या प्रदर्शनात रतन टाटांनी नॅनो दाखवली. स्कूटरवर चौघांचे कुटुंब पावसापाण्यात जाताना पाहून त्यांना ही गाडी सुचली होती. एक लाखाची गाडी म्हणून जगभर बोलबाला झाला. हेतू चांगला, किंमत आवाक्यातली. तरी अपेक्षेइतकी विकली गेली नाही आणि २०१८ मध्ये तिचे उत्पादन थांबले. इतर अडचणीही आल्या, पण तिच्यावर 'सर्वात स्वस्त' हा शिक्का बसला हेच नडले, असे पुढे खुद्द टाटांनीच बोलून दाखवले. जिच्यासाठी ती बनवली त्या माणसालाच 'स्वस्त' गाडीतून उतरताना शेजाऱ्यांनी पाहू नये असे वाटत होते.

आता दुसरी. १४ डिसेंबर १९८३ रोजी मारुती ८०० लोकांच्या हाती आली. किंमत पन्नास हजारांच्या आसपास. तीही छोटी, तीही साधी. पण ज्याच्या दारात ती उभी राहिली त्याची मान ताठ झाली. लोक नंबर लावून वाट पाहत. ती तीस वर्षे चालली.

दोन्ही छोट्या, दोन्ही सामान्य माणसासाठी. एकीची लाज वाटली, दुसरीचा अभिमान. फरक गाडीत नव्हता, बघणाऱ्याच्या डोळ्यांत होता. आणि दुसऱ्याच्या डोळ्यांसाठी सात वर्षे हप्ता भरणे म्हणजे त्याला फुकटचा तमाशा दाखवणे. तो पाच मिनिटे बघेल आणि आपल्या कामाला जाईल. महिन्याच्या पाच तारखेला हप्ता कापला जाईल तेव्हा तो आपल्या शेजारी उभा नसेल.

राहिला व्याजाचा प्रश्न. आपल्या घरांत या विषयावर दोन टोके दिसतात. एकीकडे "आजकाल सगळेच घेतात" म्हणून विषय संपवतात. दुसरीकडे "हराम आहे" एवढे बोलून मुलाला मोकळे सोडतात आणि त्याच्या गरजेचे काय, ते विचारत नाहीत. कुरआनने व्याज हराम केले आहे यात दुमत नाही. पण मनाई सांगणाऱ्याने वाटही दाखवावी. सूरह अल-फुरकानमध्ये खर्चात उधळपट्टी आणि कंजूषपणा या दोहोंच्या मधली वाट सांगितली आहे. ती वाट एकट्याने चालणे अवघड जाते, कुटुंबाने मिळून चालली तर सोपी होते.

वाटा अशा. पहिली, थांबणे. भाच्याने महिन्याला पंधरा हजार टाकले तर वीस महिन्यांत तीन लाख होतात आणि आधीच्या चार लाखांत मिळून नवी छोटी सीएनजी गाडी रोखीने येते. दुसरी, घरातली किंवा ओळखीतली भिशी. ज्यात लिलाव नाही, कोणाला कमी-जास्त नाही, फक्त पाळी आहे. तिसरी, कर्ज-ए-हसना, नातेवाइकांकडून किंवा बिनव्याजी पतसंस्थेकडून. इथे एक गोष्ट लक्षात ठेवावी. कुरआनातील सर्वात लांब आयत, सूरह अल-बकराची २८२ वी, देण्याघेण्याचा व्यवहार लिहून ठेवण्याबद्दल आहे. भावाभावांत कशाला लिहायचे, असे म्हणणाऱ्यांनी ती वाचावी. नाती लिहिल्याने तुटत नाहीत, न लिहिल्याने तुटतात.

चौथी वाट, वापरलेली गाडी. वर किंमत कशी उतरते ते सांगितले. नवी घेणाऱ्याचे ते नुकसान, जुनी घेणाऱ्याचा तोच फायदा. मात्र डोळे उघडे ठेवून घ्यावी. ओळखीच्या मेकॅनिकला सोबत न्यावे, बयाणा नंतर. आरसी बुकावर बँकेचा बोजा असेल तर बँकेचे ना-हरकत पत्र आणि फॉर्म ३५ घेतल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नयेत. नाव बदलण्यासाठी फॉर्म २९ आणि ३० लागतात. जुनी ई-चलने थकली आहेत का ते पाहावे. पीयूसी आणि, सीएनजी असेल तर, टाकीच्या तपासणीचा दाखला मागावा. विमा आपल्या नावावर करण्यासाठी चौदा दिवसांच्या आत अर्ज करावा. अनेकजण हे विसरतात आणि अपघात झाला की हात चोळत बसतात.

पुढच्या शनिवारी भाचा वडिलांना घेऊन दोन्ही गाड्या पाहायला गेला. हट्ट सुटला नव्हता. थारचे दार उघडले. दुल्हाभाईंनी एक पाय वर ठेवला, हाताने कडी धरली आणि तिथेच थांबले. दुसरा पाय उचलेना. मुलाने मागून आधार दिला, तेव्हा बसले. उतरताना पुन्हा तेच. मग वॅगन-आर. ते दार उघडून खुर्चीवर बसावे तसे बसले. आत डोके टेकवून म्हणाले, "हं. तुझी अम्मी बसेल यात."

घरी येऊन मुलगा आम्हाला म्हणाला, "मामू, मी गाडी अब्बा-अम्मीसाठी घेतोय असं सगळ्यांना सांगत होतो. पण त्यांना बसता येतं का, हे मी पाहिलंच नव्हतं."

आम्ही यावर काही बोललो नाही. त्याने स्वतःच सगळे सांगितले होते.

शेवटी चार वर्षे जुनी सीएनजी वॅगन-आर साडेचार लाखांत ठरली. सव्वातीन लाख त्याचे, पाऊण लाख अडीअडचणीला बँकेत राहू दिले. उरलेले सव्वा लाख त्याच्या चाचांनी आणि आम्ही मिळून दिले. बिनव्याजी, दोन साक्षीदारांसमोर कागदावर लिहून. महिन्याला दहा हजार याप्रमाणे साडेबारा महिन्यांत परतफेड. आपाच्या हातात वीस हजार पूर्वीसारखेच पडतात. बहिणीची फी जूनमध्ये वेळेवर जाईल.

पहिल्या रविवारी ते चौघे रो-रोने मुरुडला गेले. बोटीवर दुल्हाभाई गाडीतच बसून राहिले, असे कळले. मुलाने वर डेकवर चला म्हटले तर म्हणाले, "कोणीतरी गाडीजवळ पाहिजे." जन्मभराची सवय.

भाच्याच्या मोबाईलवर अजून काळी थारच आहे. आम्ही विचारले तर हसला. "राहू दे मामू, बघायला काय पैसे पडतात?"

राहू दे. स्वप्न पाहणे गुन्हा नाही आणि चांगली गाडी आवडणे हाही गुन्हा नाही. उद्या त्याच्या कमाईत ती बसली, घराचा घास न कापता आणि व्याज न भरता आली, तर पहिल्या फेरीला आम्हीच पुढच्या सीटवर बसू. तोपर्यंत आपल्या घरातला मुलगा असा मोबाईल घेऊन आला तर त्याला ओरडू नका, हसूही नका. त्याच्यासमोर कागद ठेवा, आपल्या चुकाही त्यावर लिहा आणि शक्य असेल तर खिशात हात घाला. नुसता मशवरा स्वस्त असतो.

अल्लाह आपल्याला हलाल कमाईत बरकत देवो आणि आहे त्यात समाधानाची तौफीक देवो. आमीन.